प्रतिजैविकांनंतरचे जुलाब : शौचातील विषाची तपासणी कशी करावी

प्रतिजैविकांमुळे लागणारे बरेचसे जुलाब औषध बंद होताच थांबतात. काहींच्या मागे मात्र क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल हा जीवाणू आणि त्याची ‘ए’ व ‘बी’ ही विषे असतात. हा जीवाणू निरोगी माणसाच्या आतड्यातही मुकाट राहू शकतो, म्हणून नमुना कोणाचा घ्यायचा हे आधी ठरवावे. चोवीस तासांत तीन किंवा अधिक वेळा पातळ शौचास झाले असेल, त्याला दुसरे उघड कारण नसेल आणि गेल्या दोन दिवसांत रेचक दिलेले नसेल, तरच तपासणी करावी. डबीचा आकार न घेणारे, घट्ट शौच प्रयोगशाळेने सरळ नाकारावे. एक वर्षाखालील बाळांमध्ये हा जीवाणू आजाराविनाही सर्रास आढळत असल्याने त्यांची ही तपासणी सहसा करू नये.

नमुना स्वच्छ, कोरड्या, घट्ट झाकणाच्या डबीत घ्यावा. विष खोलीच्या तापमानाला लवकर नष्ट होते, त्यामुळे दोन तासांत नमुना पोहोचत नसेल तर तो २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावा. दुपारभर टेबलावर राहिलेल्या डबीचा ‘निगेटिव्ह’ अहवाल फारसा भरवशाचा नसतो.

प्रथम जीडीएच हे या जीवाणूचे विकर (एन्झाइम) आणि विष यांची एलायझा (रंगबदलावरून घटक ओळखणारी चाचणी) किंवा कॅसेटवर (नमुना टाकून रेषा पाहण्याच्या पट्टीवर) चाचणी करावी. कॅसेट वापरताना नमुना व किट खोलीच्या तापमानाला आणावेत, किटमध्ये दिलेली वेळ घड्याळ लावून पाळावी आणि नियंत्रण रेषा (चाचणी नीट चालल्याची खूण) उमटली नसेल तर निकाल रद्द समजावा. दोन्ही घटक आढळले तर विषनिर्मिती चालू आहे. दोन्ही नसतील तर या आजाराची शक्यता फार कमी. खरी पंचाईत जीडीएच आहे पण विष नाही, अशा वेळी होते. जीडीएच विष न बनवणाऱ्या वाणांतही असते, आणि विषाची चाचणी थोडे विष असल्यास चुकते. म्हणून येथे विषाच्या जनुकासाठी पीसीआर (जनुकाच्या प्रती वाढवून ते शोधणारी चाचणी) करावा. तरीही पीसीआर केवळ विष बनवण्याची क्षमता दाखवतो, प्रत्यक्ष विष नव्हे. अहवालात नुसते ‘पॉझिटिव्ह’ न लिहिता कोणती चाचणी पॉझिटिव्ह आली ते लिहावे, म्हणजे डॉक्टरांना लक्षणांशी मेळ घालता येतो.

नमुना हाताळल्यावर हात साबण-पाण्यानेच धुवावेत, कारण या जीवाणूचे बीजाणू अल्कोहोलच्या सॅनिटायझरने मरत नाहीत. त्याच आजारपणात सात दिवसांच्या आत चाचणी पुन्हा करू नये. जुलाब थांबल्यावर ‘बरे झाले का’ हे पाहण्यासाठीही नको, कारण उपचारानंतर चाचणी कित्येक आठवडे पॉझिटिव्ह राहू शकते.