परक्या फौजेखालचं सरकार टिकेल का, हे पगारपत्रकावरून कसं ओळखावं

परक्या फौजा बसलेल्या देशात नवं सरकार आलं की पेपरवाल्यांना एकच शब्द सुचतो : ‘ऐतिहासिक’. त्यावर विसंबून न राहता हे सरकार उभं राहील की आडवं होईल याचा अंदाज स्वतः बांधायचा असेल, तर माझी पद्धत सांगतो. मी प्राध्यापक वगैरे नाही. नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये नोकरी झाली आणि त्यातला बराच काळ युनियनच्या मीटिंगांत गेला. आमच्या जेलरोडच्या अभ्यासिकेत बसणारी एमपीएससीची पोरं ‘काका, इराकवर प्रश्न आला तर काय लिहायचं?’ म्हणून गाठतात. त्यांना सांगतो तेच इथे लिहितोय. उदाहरणही इराकचंच घेतो, कारण त्या देशाने सगळे धडे एकाच ठिकाणी करून दाखवलेत.

आधी एक वही घ्या. डावीकडे मतदानाची तारीख लिहा, उजवीकडे शपथविधीची. इराकमध्ये १५ डिसेंबर २००५ ला मतदान झालं आणि पंतप्रधान नुरी अल-मलिकींचं मंत्रिमंडळ आलं २० मे २००६ ला. ७ मार्च २०१० च्या मतदानानंतर सरकार बसायला २१ डिसेंबर उजाडला. ऑक्टोबर २०२१ च्या निवडणुकीचं सरकार ऑक्टोबर २०२२ मध्ये आलं, म्हणजे वर्ष उलटून गेलं. आता नुसत्या उशिराने घाबरू नका. बेल्जियममध्ये २०१०-११ ला दीड वर्ष घोळ चालला, कुणी बंदूक काढली नाही.

म्हणून तारखेच्या शेजारी एक तिसरा रकाना आखा : कोणतं खातं अडलंय? शिक्षण, शेती, सांस्कृतिक कार्य यांच्यावर कुणी पाच महिने रुसून बसत नाही. २० मे २००६ ला शपथविधी झाला तेव्हा गृह आणि संरक्षण ही दोन खाती रिकामीच होती, ती भरली ८ जूनला. २०१० च्या डिसेंबरात तर मलिकींनी दोन्ही खाती तात्पुरती म्हणून स्वतःकडे ठेवली. पोलीस दुसऱ्याच्या हातात गेले तर रात्री आपल्या दारावर कोण येईल, ही भीती त्या रिकाम्या खुर्चीत असते. गृहखातं निमूटपणे दुसऱ्या गटाच्या माणसाकडे जातंय असं दिसलं, तर मात्र वहीत मोठा टिळा लावा. तसं क्वचित दिसतं.

आता पैशाकडे या. हा माझा आवडता भाग, तेव्हा थोडं सहन करा.

२००३ मध्ये अमेरिकन फौजा इराकमध्ये शिरल्या तेव्हा त्या देशात दोन चलनं चालत होती. बगदादकडे सद्दामचा चेहरा असलेली, देशातच छापलेली नोट. कागद हलका, छपाई अशी की आमच्याकडचा तपासणीवाला पहिल्याच नजरेत बाजूला काढेल. उत्तरेला कुर्दांच्या भागात मात्र १९९१ च्या आखाती युद्धाआधीच्या नोटा फिरत होत्या. लोक त्यांना ‘स्विस दिनार’ म्हणत. बगदादने त्या १९९३ मध्ये रद्द केल्या, पण कुर्दांनी सोडल्या नाहीत. फाटल्या, मळल्या, चिकटपट्ट्या लागल्या, तरी त्यांचा भाव टिकला. कारण उघड आहे : नव्या छापणारं कुणी उरलंच नव्हतं. पलीकडे सद्दामचं मशीन चालूच होतं, त्यामुळे तिकडच्या नोटेचा कचरा झाला.

१५ ऑक्टोबर २००३ ते १५ जानेवारी २००४ या तीन महिन्यांत दोन्ही नोटा गोळा करून नवा दिनार वाटला गेला. सद्दामच्या नोटेला एकास एक, आणि एका स्विस दिनारला १५० नवे. परक्या प्रशासनाने केलेल्या कामांत हे एक काम चोख झालं, हे मी नोटांच्या धंद्यातला माणूस म्हणून मान्य करतो. पण विद्यार्थ्यांना तिथेच थांबवतो. नोट एक झाली म्हणून तिजोरी एक होत नाही. तेव्हा पुढचा प्रश्न लिहा : कुणाचा पगार कुणाच्या सहीने निघतो?

कुर्दिस्तानचा वाटा ठरला होता देशाच्या बजेटचा १७ टक्के. कुर्दांनी आपलं तेल परस्पर विकायला घेतलं तसा २०१४ च्या सुरुवातीला बगदादने तो पैसा रोखला आणि कुर्दांची राजधानी एर्बिलमधल्या शिक्षकांपासून पेशमर्गा या कुर्दी फौजेच्या सैनिकांपर्यंत सगळ्यांचे पगार लटकले. २५ सप्टेंबर २०१७ ला कुर्दांनी वेगळं व्हायचं का यावर मतदान घेतलं, ९० टक्क्यांच्या वर कौल ‘हो’ आला. महिनाही उलटला नाही तोच बगदादच्या फौजांनी किर्कुक ताब्यात घेतलं. पगार तीन वर्षं रखडल्याची बातमी ज्याने वहीत टिपली होती, त्याला या मतदानाचं नवल वाटायचं कारण नव्हतं.

हेच सैन्याचं. २३ मे २००३ ला अमेरिकेने नेमलेले प्रशासक पॉल ब्रेमर यांच्या प्रशासनाने आदेश क्रमांक २ काढून इराकी सैन्य बरखास्त केलं. काही लाख माणसं, बंदूक चालवायला शिकलेली, घरी बसली. भत्ता देण्याची घोषणा झाली ती महिन्याभराने, माजी सैनिक बगदादच्या रस्त्यावर उतरल्यावर. त्याच्या आठवडाभर आधीच आदेश क्रमांक १ ने सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या थरातले लोक नोकरीतून काढले होते, त्यात शाळामास्तरही आले. युनियनचा कुठलाही जुना माणूस सांगेल, टाळेबंदीची नोटीस लावायची तर हिशेबाचे पैसे आधी टेबलावर ठेवावे लागतात.

सैन्य पुन्हा उभं केलं, तर आता मस्टर बघा. जून २०१४ मध्ये मोसुल शहर इसिसच्या हाती गेलं. त्याच नोव्हेंबरच्या अखेरीस नवे पंतप्रधान हैदर अल-अबादी यांनी संसदेत सांगितलं की सैन्यात ५०,००० ‘भुताळी’ सैनिक सापडले. नाव मस्टरवर, पगार चालू, माणूस गायब, आणि पैसा अधिकाऱ्याच्या खिशात. त्यामुळे ‘सैन्याची संख्या इतक्या लाखांवर’ अशी बातमी आली की खूश होऊ नका. पगार थेट सैनिकाच्या हातात पडतो की कमांडरच्या, एवढी एक ओळ त्या बातमीत शोधा. नसेल तर संख्या खोडा.

हरलेल्याचं काय होतं, हा पुढचा रकाना. ३० जानेवारी २००५ ला इराकमध्ये अख्खा देश एकच मतदारसंघ धरून प्रमाणशीर, म्हणजे जितकी मतं तितक्या जागा असं, मतदान घेतलं. सुन्नी अरबांनी बहिष्कार टाकला, त्यांच्याच बहुसंख्येच्या अनबार प्रांतात मतदान झालं जेमतेम दोन टक्के. जिल्हावार जागा राखलेल्या असत्या तर दोन टक्क्यांतूनही अनबारचे प्रतिनिधी आले असते. इथे बहिष्कार म्हणजे संसदेतून हद्दपारी. मग त्याच संसदेने घटना लिहायला घेतली. १५ ऑक्टोबर २००५ च्या सार्वमतात नियम असा होता की तीन प्रांतांत दोन-तृतीयांश विरोध झाला तर घटना पडेल. अनबार आणि सलाहुद्दीन यांनी तेवढा विरोध केला. निनेवेत विरोध बहुमताचा होता, पण दोन-तृतीयांशाच्या खाली राहिला. घटना पास! पोरं विचारतात, मग लोकशाही झाली ना? झाली की. चारच महिन्यांनी, २२ फेब्रुवारी २००६ ला, समारा शहरातल्या, शियांना पवित्र असलेल्या अस्करी मशिदीचा घुमट उडवला आणि बगदादमध्ये गल्लीगल्लीत कत्तली सुरू झाल्या.

आमच्या महापालिकेत २०१२ ला मनसेला १२२ पैकी ४० जागा मिळाल्या आणि भाजपच्या पाठिंब्यावर महापौर झाला, पुढे जोडीदारही बदलले. पण पगार आयुक्तांच्या सहीने निघतात, पोलीस महापौराचं ऐकत नाहीत, आणि हरलेल्याला पाच वर्षांनी पुन्हा तिकीट मागता येतं. म्हणून नाशिकमध्ये फोडाफोडी स्वस्त पडते. बगदादमध्ये हरणं फार महाग होतं.

परक्या सत्तेचा नकार कसा चालतो, तेही तपासा. इथे इराकच्या शेजारी ऑस्ट्रिया ठेवून वाचा. इराकमध्ये जुलै २००३ ला २५ जणांची प्रशासकीय परिषद नेमली : १३ शिया, ५ सुन्नी अरब, ५ कुर्द, एक तुर्कमेन, एक ख्रिस्ती. अध्यक्षपद दर महिन्याला फिरतं, आणि शेवटचा नकार ब्रेमर यांचा. परिषदेचं कोण ऐकणार? त्याच वेळी नजफमधून शियांचे सर्वोच्च धर्मगुरू आयातुल्ला सिस्तानी यांनी घटना निवडून आलेल्यांनीच लिहावी असं फर्मावलं, जानेवारी २००४ ला बगदादमध्ये प्रचंड मोर्चा निघाला आणि अमेरिकेला आराखडा बदलावा लागला. कुणाच्या एका चिठ्ठीवर लोक रस्त्यावर येतात, ते नाव वहीत वेगळ्या शाईने लिहा.

ऑस्ट्रियात १९४५ नंतर चार देशांच्या फौजा होत्या, व्हिएन्नाचेही तुकडे पाडलेले. अकरा वर्षांपूर्वी, १९३४ मध्ये, तिथले दोन मोठे पक्ष एकमेकांवर गोळ्या झाडत होते. नोव्हेंबर १९४५ च्या निवडणुकीत पीपल्स पार्टीला १६५ पैकी ८५ जागा मिळाल्या, म्हणजे स्वबळावर बहुमत. तरी त्यांचे नेते लिओपोल्ड फिगल यांनी समाजवाद्यांना सरकारात घेतलं. ते स्वतः नाझींच्या डाखाऊ छळछावणीतून गेलेले. आणि जून १९४६ च्या करारातलं खरं कलम असं : चारही सत्तांनी ३१ दिवसांत एकमताने हरकत घेतली नाही, तर कायदा लागू. घटनात्मक कायदे तेवढे वगळलेले. रशिया आणि अमेरिका एकमत होणार कधी? सरकारला मोकळी वाट मिळाली. १५ मे १९५५ च्या करारानंतर फौजा गेल्या, सरकार राहिलं. पीपल्स पार्टी आणि समाजवादी यांची ती आघाडी १९६६ पर्यंत चालली. पेपरात ऑस्ट्रियाचं उदाहरण बहुतेक जण विसरतात, तुम्ही जरूर लिहा.

शेवटची खूण सगळ्यात सोपी. फौज निघण्याचा करार कुणाशी होतो ते बघा. अफगाणिस्तानबाबत अमेरिकेने २९ फेब्रुवारी २०२० ला दोहामध्ये सही केली ती तालिबानबरोबर, काबूलचं सरकार त्या टेबलावर नव्हतंच. ९ मार्चला काबूलमध्ये अश्रफ घनी आणि अब्दुल्ला अब्दुल्ला या दोघांनीही राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. अशी बातमी दिसली की बाकीचे रकाने भरत बसू नका. त्या देशाचं पान तिथेच मिटा आणि पुढच्या देशाला नवं पान काढा.