‘बहिर्मुख’ म्हणजे धीट नव्हे: माणसाचा स्वभाव सांगताना या चुका टाळा

लग्नाचा बायोडेटा, नोकरीचा अर्ज, प्रगतिपुस्तकातला शेरा, सगळीकडे हल्ली ‘एक्स्ट्रोव्हर्ट’ असतो. मराठीत लिहायची वेळ आली की त्याच्या जागी ‘बहिर्मुख’ येतो. प्रतिशब्द बरोबर आहे. पण लिहिणाऱ्याला ‘धीट’ म्हणायचं असतं आणि वाचणाऱ्याला ‘बडबड्या’ ऐकू येतं.

बहिर्मुख आणि धीट यांची गल्लत

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. कार्ल युंग या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने १९२१ साली स्वभावप्रकारांवरचं आपलं पुस्तक प्रसिद्ध केलं, तेव्हापासून ही जोडी रूढ झाली. मनाची ओढ बाहेरच्या माणसांकडे आणि घडामोडींकडे असेल तर बहिर्मुख, आतल्या विचारांकडे असेल तर अंतर्मुख. त्यात भीतीचा प्रश्नच नाही. ‘धीट’ हा शब्द मात्र भीतीबद्दलच बोलतो.

सोलापुरात संक्रांतीला भरणाऱ्या गड्डा यात्रेत चार तास गर्दीत फिरून आल्यावर जो ताजातवाना असतो आणि ‘उद्या परत जाऊ’ म्हणतो, तो बहिर्मुख. त्याच्याच हातात माइक दिला तर त्याला दरदरून घाम फुटू शकतो. उलट मुलाखतीत नजर न चुकवता उत्तरं देणारी, चुकीचं बिल दुकानदाराला तिथल्या तिथे दाखवणारी मुलगी घरी आल्यावर तासभर दार लोटून एकटी बसत असेल, तर ती धीटही आहे आणि अंतर्मुखही. लाजाळू माणसाला लोक हवे असतात, पण धास्ती वाटते. अंतर्मुखाला धास्ती नसते, त्याला फक्त कमी लोक पुरतात. म्हणून अंतर्मुखाला ‘माणूसघाणा’ म्हणणं अन्यायाचं आहे. माणूसघाण्याला माणसं नकोशीच असतात.

शब्द निवडण्याआधी दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. गर्दीतून आल्यावर हा माणूस टवटवीत असतो की थकलेला? आणि अनोळखी माणसांसमोर आपलं मत मांडताना कचरतो का? पहिल्याच्या उत्तरावरून बहिर्मुख की अंतर्मुख ते ठरवा, दुसऱ्यावरून धीट की बुजरा. एका उत्तरावरून दुसरं गृहीत धरू नका.

‘अंतर्मुख झालो’चा दुसरा अर्थ

मराठीत ‘त्या प्रसंगाने तो अंतर्मुख झाला’ म्हणजे त्याने स्वतःकडे वळून पाहिलं. हा स्वभाव नव्हे, ती वेळेपुरती अवस्था. त्यामुळे ‘होणे’ आणि ‘करणे’ या क्रियापदांबरोबर हा शब्द आला की आत्मपरीक्षण समजा. ‘स्वभावाने अंतर्मुख’ असं लिहिलं की घोळ होत नाही.

‘बहिर्मुख’ची अडचण निराळी. कीर्तन-प्रवचनात ‘मन बहिर्मुख झालं’ म्हणजे ते विषयांच्या मागे धावलं, देवापासून दूर गेलं. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे, तिथल्या वारकरी घरात मुलीच्या बायोडेटात ‘बहिर्मुख’ वाचून आजोबांच्या कपाळाला आठी पडली तर नवल नाही. तिथे सरळ ‘माणसांत रमणारी’ किंवा ‘मनमोकळी’ लिहा.

सोलापुरात हे शब्द कोण ऐकतंय?

इथे एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलली जाते, त्यामुळे हा मुद्दा आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. ‘तुमचा मुलगा धीट आहे’ ही मराठीत शाबासकी. हिंदी-उर्दू बोलणाऱ्या घरात त्याच कुळातला ‘ढीठ’ म्हणजे हट्टी, कितीही बोललं तरी न ऐकणारा. दोन्ही शब्द संस्कृत ‘धृष्ट’वरून आले, पण मराठीने त्यातलं धैर्य उचललं आणि हिंदीने उद्धटपणा.

‘चलाख’चं याच्या उलट. तेलुगू घरात मुलीला ‘चलाकी’ म्हटलं की ती उत्साही, चपळ, हसरी. मराठीत ‘चलाख’ला हुशारीबरोबर लबाडीचा वास येतो. तेव्हा तेलुगू घरातून आलेल्या मुलीने अर्जात ‘मी चलाख आहे’ असं लिहिलं असेल, तर वाचणाऱ्याने आधी हा अर्थ आठवावा. लिहिणाऱ्याने ‘चुणचुणीत’ (लहान मुलांसाठी) किंवा ‘तडफदार’ (मोठ्यांसाठी) वापरावा.

‘बिनधास्त’ जपून

बिन अधिक धास्ती, इतका साधा शब्द. ‘बिनधास्त विचारा’ यात तो निर्धास्त करतो. माणसाचं विशेषण म्हणून आला की त्यात ‘परिणामांची फिकीर नसलेला’ ही छटा मिसळते, आणि मुलाला कौतुकाने लावलेला हाच शब्द मुलीला लावताना अनेकांच्या सुरात नापसंती उतरते. हा दुजाभाव आम्हाला मान्य नाही, पण शेरा लिहिणाऱ्याला तो ठाऊक हवा. ‘आगाऊ’ तर स्तुती म्हणून कधीच चालत नाही. रक्कम आगाऊ दिली तर चालते, मूल आगाऊ म्हटलं तर पालक दुखावतात.

विशेषणाऐवजी कृती

कुठला शब्द बसेल याची खात्री नसेल, तर विशेषण काढून टाका आणि माणूस काय करतो ते लिहा. नवी पेठेतल्या कापड दुकानात नोकरी हवी असेल, तर ‘बहिर्मुख व्यक्तिमत्त्व’ या दोन शब्दांतून मालकाला काही कळत नाही. ‘गिऱ्हाइकाशी स्वतःहून बोलतो, चिडलेल्या गिऱ्हाइकाला शांत करतो’ यातून कळतं. शेऱ्यात ‘बोलकी आहे’ हे पालकांना तक्रारीसारखं वाटू शकतं. ‘वर्गात स्वतःहून हात वर करते, नव्या मुलींना गटात घेते’ असं लिहिलं तर कुणी गैरसमज करून घेणार नाही.

लिहिताना: बहिर्मुख (बहिरमुख नव्हे). नाम हवं असेल तर बहिर्मुखता. ‘धीट’मध्ये दीर्घ धी, पण ‘धिटाई’त ऱ्हस्व धि.