दिवाळीच्या सुट्टीआधी पुस्तकांचे दोन गठ्ठे

सहामाहीचा शेवटचा पेपर व्हायच्या आत हे काम उरकून टाका. किल्ला, फराळ आणि मामाचं गाव सुरू झालं की पुस्तकांच्या दुकानाकडे कुणाची पावलं वळत नाहीत. मूल पहिली ते पाचवीतलं असेल तर निघताना दोन याद्या करा. एक त्यानं एकट्यानं वाचायच्या पुस्तकांची, दुसरी तुम्ही शेजारी बसून वाचायच्या पुस्तकांची. या वयात कान डोळ्यांच्या बरेच पुढे असतात. दुसरीतलं पोर महाभारतातली भांडणं तासभर ऐकतं, मध्ये मध्ये प्रश्न विचारून भंडावून सोडतं, आणि त्याच गोष्टीचं छापील पान पुढ्यात आलं की तिसऱ्या ओळीला पाणी प्यायला उठतं. इंग्रजी माध्यमातल्या मराठी मुलांचं तर विचारूच नका. त्यांना घरातलं सगळं मराठी कळतं, पण वाचायला बसलं की अक्षराला अक्षर लावत जावं लागतं. म्हणून एकट्याच्या गठ्ठ्यात तुम्हाला वाटतं त्याहून एक पायरी सोपं घ्या, सोबतच्या गठ्ठ्यात एक पायरी अवघड. बहुतेक पालक नेमकं उलट करतात.

दुकानात जाण्याआधी घरीच एक चाचपणी करा. न वाचलेल्या एखाद्या गोष्टीचं पान मुलाला मोठ्यानं वाचायला द्या आणि मध्ये न बोलता ऐका. पानभरात चार-पाच शब्दांना अडखळलं तर ते पुस्तक सध्या सोबतच्या गठ्ठ्यातलं. कुठे अडतंय तेही टिपून ठेवा. बहुतेकदा गाडी ‘र’पाशी थांबते. हा र ‘सूर्य’मध्ये डोक्यावर चढतो, ‘चक्र’मध्ये पायाशी तिरका होतो, ‘ट्रक’मध्ये ट-खाली वेगळाच आकार घेतो आणि ‘तऱ्हा’मध्ये आणखी निराळा. ‘राजाला आश्चर्य वाटलं’ हे वाक्य दर दुसऱ्या गोष्टीत असतं, आणि त्या एका शब्दात श्च आणि र्य असे दोन खड्डे आहेत. मूल तिथे थांबलं म्हणजे ते कच्चं आहे असं समजू नका. पहिलीसाठी बिनजोडाक्षरांची पुस्तकं मिळतात, ती जरूर घ्या, पण त्यात गोष्ट आहे ना ते बघून. नुसतं ‘बदक बघ, कमळ बघ’ घरी बालभारतीत असतंच.

दुकानात गेलात (पुण्यात अप्पा बळवंत चौक, मुंबईत दादर, नाहीतर गावातलं प्रदर्शन) की मुखपृष्ठावर भुलू नका, मधलं पान उघडा. ओळींत पुरेशी जागा हवी. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकत असेल तर नवं वाचणारं मूल तिथेच दमतं. ओळीच्या शेवटी शब्द तोडून अर्धा खाली ढकलला असेल तर तेही एकट्याच्या गठ्ठ्यात चालायचं नाही. हिंदी वळणाचे ल आणि श असले तर पहिलीतल्या मुलाचा गोंधळ होतो, चौथीतलं निभावून नेतं. मग दोन वाक्यं पुटपुटून पाहा. ‘एका वेळची गोष्ट आहे’ अशी सुरुवात दिसली की समजायचं, हिंदीवरून घाईघाईत उतरवलेलं आहे. दहा पुस्तकांचा चकचकीत संच, प्रत्येकाच्या शेवटी चौकटीत तात्पर्य, आणि ‘वाघाने विचार केला की’ पानोपानी: असला संच स्वस्तात मिळतो आणि माळ्यावर जातो. तेवढ्या पैशांत दोन चांगली पुस्तकं येतात.

एकट्यासाठी माधुरी पुरंदरे यांची राधाची आणि यशची पुस्तकं आधी हाती घेऊन बघा. भाषा घरात बोलतो तशी आहे आणि चित्रंही त्यांचीच. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतली पुस्तकं खिशाला परवडतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट आहेत, वाचनाच्या चार पातळ्यांत लावलेल्या, आणि छापूनही घेता येतात. परदेशात राहणाऱ्यांना हे फार सोयीचं. ‘किशोर’ मासिक बालभारती 1971 पासून काढते. त्याचा दिवाळी अंक याच सुमारास येतो, आणि ज्या मुलाला सलग पुस्तक झेपत नाही ते त्यातली कोडी आणि छोट्या गोष्टी वेचून खातं. चित्रकथा, प्राण्यांची माहिती, क्रिकेटची पुस्तकं, काहीही चालेल. ‘हे काय वाचतोस?’ हा प्रश्न घरी ठेवून या.

सोबतचा गठ्ठा निवडायला खरी मजा. भा. रा. भागवतांचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे तिसरी-चौथीच्या मुलांना वाचून दाखवा. फुरसुंगीचं हे पोर ‘ट्टॉक’ करतं ना, तो आवाज तुम्हालाच काढावा लागेल, तेव्हा लाजू नका. जुन्या पुण्यातल्या कितीतरी गोष्टी आज मुलांना ठाऊक नसतात, त्या जाता जाता सांगता येतात. ‘तोत्तोचान’ या जपानी शाळकरी मुलीच्या पुस्तकाची प्रकरणं छोटी आहेत, झोपण्याआधी एक-दोन सहज होतात. ‘श्यामची आई’बद्दल मात्र थोडं थांबतो. 1935 साली आलेलं हे पुस्तक नातेवाईक हमखास भेट देतात आणि मुलाला म्हणतात, वाच. ते एकट्यानं वाचायचं पुस्तक नव्हेच. श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री आईची एक आठवण सांगतो, म्हणून प्रकरणांची नावंच ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशी आहेत. ते सांगण्या-ऐकण्यासाठीच बांधलेलं आहे. बेचाळीस रात्री ओळीनं वाचायलाच हव्यात असं नाही. पोहायला घाबरणाऱ्या श्यामची रात्र आधी घ्या, आईच्या आजारपणाच्या रात्री मूल मोठं होईपर्यंत ठेवून द्या. आणि आवंढा आला तर येऊ द्या, मुलं त्याचा बाऊ करत नाहीत.

कविता दोन्ही गठ्ठ्यांत हवी. विंदा करंदीकरांच्या बालकविता आधी तुम्ही ठेक्यात म्हणा. चार दिवसांत मुलाला त्या पाठ होतात, आणि मग तेच पुस्तक ते एकटं उघडतं. पुढचा शब्द कानाला ठाऊक असल्यामुळे जोडाक्षरही आडवं येत नाही.

सोबत वाचताना आळीपाळी ठरवा: एक पान तुमचं, एक परिच्छेद त्याचा. अडलं की तीनपर्यंत मनात मोजा, नाही जमलं तर शब्द सांगून पुढे सरका, स्पेलिंगची परीक्षा घेऊ नका. वाचन आजी-आजोबांकडे सोपवणार असाल तर ठसठशीत टाइपाचं पुस्तक निवडा आणि त्यांचा चष्मा पिशवीत टाका. मालवणी किंवा वऱ्हाडी हेल लागला तर गोष्ट आणखी रंगते. वाचनालयाची अनामत भरलेली असेल तर सुट्टीच्या आधीच्या शनिवारी जा, कारण दिवाळीत तेही बंद असतं. आणि दुकानदाराला बिल करतानाच विचारून ठेवा, फार अवघड निघालं तर पुस्तक बदलून मिळेल का. ते कळेपर्यंत मुलाचं नाव पेन्सिलनंच घाला.