जुनी गाडी ओढत नाही, मधेच बंद पडते? आधी ती बंद कशी पडते ते बघा

गाडीचा पिकअप गेला, चढावर दम लागतो, सिग्नलला उभी राहिली की बंद, असं सुरू झालं की आपण आधी प्लग बदलतो, मग फिल्टर, मग कोणीतरी पंप सांगतो म्हणून पंप, आणि एवढं सगळं करून गाडी जशीच्या तशी. मी स्वतः हे केलंय म्हणून अगदी मनापासून सांगतो, पाना हातात घ्यायच्या आधी आठ दिवस एक वही गाडीत ठेवा. बंद पडली की लगेच लिहायचं : इंजिन गार होतं की गरम, टाकीत पेट्रोल किती, चढ होता की सपाट, स्पीडला असताना की उभी असताना, आणि परत चालू व्हायला किती वेळ लागला. अर्धं निदान या वहीतच होतं. (हे सगळं पेट्रोल गाडीबद्दल आहे, डिझेलचं गणित वेगळं.)

त्याआधी एक सुरक्षेची गोष्ट, कारण घाबरून माणूस चूक करतो. चालती गाडी बंद पडली की पॉवर स्टिअरिंग एकदम जड होतं आणि ब्रेकचा बूस्टर साठलेल्या व्हॅक्यूमवर जेमतेम एक-दोन दाबांपुरताच साथ देतो. म्हणून ब्रेक पंप करू नका, एकदाच ठाम दाबून धरा, इंडिकेटर देऊन कडेला घ्या, आणि गाडी पूर्ण थांबेपर्यंत चावी काढायची नाही, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं.

आता मुद्द्याचं. इंजिन मरताना कसं मरतं ते नीट बघा. कोणी चावी फिरवल्यासारखं खटकन बंद झालं, गाडी गिअरमध्ये अजून पळतेय तरी आरपीएमचा काटा धाडकन शून्यावर, तर करंट गेलाय, म्हणजे कॉइल (प्लगसाठी जास्त व्होल्ट तयार करणारी), क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला सांगणारा), मेन रिले, इग्निशन स्विच असलं काहीतरी. झटके मारत, अडखळत, अ‍ॅक्सिलरेटर वरखाली केल्यावर जरा सावरून मग मेलं तर पेट्रोल कमी पडतंय. पळताना एकदम छान पण स्लोवर आली की बंद, रेस धरली की चालते, तर हवेकडे आणि आयडलिंगकडे बघायचं. आणि बंद पडत नाही पण मागून कोणी धरून ठेवल्यासारखी वाटते तर इंजिनाला हात लावायच्या आधी दोन गोष्टी बघा : आरपीएम वाढतो पण स्पीड वाढत नाही म्हणजे क्लच स्लिप, आणि थोडं चालवून थांबल्यावर एखादं चाक बाकीच्यांपेक्षा फार तापलेलं असेल तर ब्रेक चिकटतोय. या दोन्हीत इंजिन बिचारं ठणठणीत असतं.

सुरुवात बॅटरी आणि अर्थिंगपासून करा, हे अगदी सोपं आहे म्हणूनच राहून जातं. मल्टिमीटर लावा, बंद गाडीला पूर्ण चार्ज बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट, चालू गाडीला १३.८ ते १४.५ च्या आसपास. मग हेडलाइट आणि ब्लोअर लावून इंजिन चालू असताना एक प्रोब बॅटरीच्या मायनसला आणि दुसरा थेट इंजिन ब्लॉकला, ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची पट्टी गंजलीय किंवा सैल आहे. जुन्या गाडीत ही एक पट्टी सेन्सर, कॉइल, पंप सगळ्यांना वेड्यासारखं वागायला लावते, आणि ती काढून घासून परत घट्ट लावली की दहा मिनिटांत काम होतं.

गरम झाल्यावरच बंद पडते, अर्धा तास थांबलं की काही झालंच नाही अशी चालू होते, हा जुन्या गाड्यांचा सगळ्यात छळणारा आजार. याचे नेहमीचे तीन गुन्हेगार म्हणजे कॉइल, क्रँक सेन्सर, आणि पॉइंटवाली (यांत्रिक स्विचने ठिणगी पाडणारी जुनी) गाडी असेल तर पॉइंटसोबतचा कंडेन्सर. तापल्यावर आतली तार किंवा जोड सुटतो आणि गार झाला की परत जुळतो, त्यामुळे गॅरेजमध्ये पोचेपर्यंत गाडी बरी आणि मेकॅनिक म्हणतो काहीच नाही. म्हणून तपासायचं ते बंद पडल्या पडल्या, जागेवरच. स्पार्क टेस्टर गाडीत ठेवा, बंद पडली की प्लगच्या लीडला (जाड वायरला) लावून दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगा, निळी कडक ठिणगी आली तर करंट ठीक, पेट्रोलकडे वळा. ठिणगीच नाही आणि स्टार्टर मारताना आरपीएमचा काटा जराही हलत नाही तर इंजेक्शनवाल्या गाडीत पहिला संशय क्रँक सेन्सरवर, स्कॅनरला पी०३३५ दिसला तर तो पक्का होतो, पण कोड नाही म्हणजे सेन्सर चांगला असं अजिबात नाही. लीड हातात धरून ठिणगी बघायची जुनी सवय असेल तर कृपा करून सोडा, तो हजारो व्होल्टचा झटका असतो.

पॉइंटवाल्या गाडीत पॉइंटचा गॅप बहुतेक इंजिनांना ०.४ मिलिमीटरच्या जवळपास असतो, पॉइंट काळे-जळके दिसले तर कंडेन्सरही सोबतच बदला. डिस्ट्रिब्युटर कॅपच्या आत केसासारखी बारीक काळी रेघ दिसते का बघा, आणि रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा, लीडमधून करंट लीक होत असेल तर निळसर ठिणग्या नाचताना डोळ्यांना दिसतात. प्लग काढल्यावर त्यांचा रंग वाचा : फिकट तपकिरी चांगला, कोरडा काजळीसारखा काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी किंवा हवा घेतेय, तेलकट ओला म्हणजे ऑइल वर येतंय.

पेट्रोलच्या बाबतीत माझीच गोष्ट सांगतो. कार्बोरेटरवाली गाडी होती, महिनाभर झटके मारून बंद पडायची, पंप बदलला, फिल्टर बदलला, कार्बोरेटर दोनदा साफ केला, काही फरक नाही. शेवटी वहीतल्या नोंदी एका रात्री शांतपणे वाचल्या तर दिसलं की जेव्हा जेव्हा बंद पडली तेव्हा टाकी अर्ध्याच्या खाली होती. टाकीकडून पंपाकडे येणाऱ्या रबरी पाइपला वरच्या बाजूला चीर होती, ती पंपाची ओढायची बाजू असल्यामुळे पेट्रोल बाहेर गळत नव्हतं, उलटी हवा आत जात होती, आणि टाकी भरलेली असली की जेमतेम निभावत होतं. वीतभर पाइपचा तुकडा, बाकी काही नाही. जुनं रबर, त्यात इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, त्यामुळे सगळे रबरी पाइप दाबून-वाकवून बघाच, कडक झालेत किंवा चिरा पडल्यात तर इथेनॉल चालणाऱ्या दर्जाचे नवे टाका.

बाकी पेट्रोलचं तपासणं असं. बंद पडली की टाकीचं झाकण उघडा, स्स्स करून हवा आत ओढली गेली आणि मग गाडी चालायला लागली तर झाकणाचं किंवा टाकीचं व्हेंट बुजलंय. इंजेक्शनच्या गाडीत चावी ऑन केल्यावर दोन सेकंद पंपाची घूं ऐकू यायला हवी, पण आवाज आला म्हणजे प्रेशर आहे असं धरू नका, गेज लावा. बऱ्याच गाड्यांना ३ बारच्या आसपास लागतं, नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलमध्ये बघा, आणि उभ्या गाडीत बरोबर दाखवून चढावर रेस दिली की पडत असेल तर फिल्टर तुंबलाय किंवा पंप थकलाय. गेज लावायच्या आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद होईपर्यंत चालवा म्हणजे लाइनमधलं प्रेशर उतरतं, नाहीतर पेट्रोल अंगावर उडतं. कार्बोरेटरला दोन खास जागा : स्लोवर लगेच मरते तर आयडल कट सोलेनॉइड, चावी ऑन-ऑफ केल्यावर त्याचा टिक आवाज यायला हवा, आणि पाय दाबल्या दाबल्या क्षणभर मरगळते तर अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा पडदा फाटलाय, इंजिन बंद ठेवून वरून बघत थ्रॉटल हाताने ओढलं की पेट्रोलची धार लगेच दिसली पाहिजे.

हवेची गळती कानाने पण सापडते, इनटेकच्या आसपास हिस्स आवाज येतो. इंजिन गार असताना साबणाचं पाणी फवारून बघा, जिथे फवारल्यावर आवाज किंवा आरपीएम बदलतो तिथे चीर. काही लोक कार्ब क्लीनर मारतात, काम होतं पण गरम सायलेन्सरवर पडला तर आग लागते, मी तरी घरी तसं करत नाही. एअर फिल्टरपासून येणाऱ्या मोठ्या रबरी नळीच्या घड्या हाताने ताणून बघा, तिथल्या चिरा उभ्या गाडीत मिटलेल्या असतात आणि गिअर टाकल्यावर इंजिन हललं की उघडतात. थ्रॉटल बॉडी आणि आयडल व्हॉल्व्ह कार्बनने काळे असतील तर साफ करा, स्लोवर बंद पडणाऱ्या कितीतरी गाड्या एवढ्यावरच सुधारतात. ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) असेल तर तो उघडा अडकून राहिला तरी हेच लक्षण.

वरचं सगळं बरोबर आणि तरी स्पीडला गुदमरते? मग धूर बाहेर जातोय का बघा. व्हॅक्यूम गेज लावला तर चांगलं इंजिन स्लोवर १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवतं, मग २५०० आरपीएम धरून ठेवा, काटा हळूहळू खाली खाली सरकत गेला तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) किंवा सायलेन्सर आतून तुंबलाय. नवीन कन्व्हर्टर टाकायच्या आधी मिसिंग (एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न पेटणं) मात्र दुरुस्त करा, कारण न जळलेलं पेट्रोल आत जाऊन जळतं आणि त्यानेच जुना वितळलेला असतो, नवाही तसाच जाईल.

शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब किती तयार होतो ते. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा १५ टक्क्यांहून खाली असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजा, आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट, आणि शेजारशेजारचे दोन्ही कमी असतील तर बहुतेक त्यांच्या मधला गॅस्केटच गेलाय.

एका वेळी एकच गोष्ट बदला, वहीत तारीख टाकून लिहा, आणि मग गाडी त्याच परिस्थितीत चालवा ज्यात ती मरत होती, तोच चढ, तेवढीच तापलेली, टाकीत तेवढंच पेट्रोल.