बाईकमधलं सिंथेटिक ऑइल किती किलोमीटरला बदलायचं? आपल्या पांदण रस्त्यांचा हिशोब

सिंथेटिक, म्हणजे कारखान्यात खास प्रक्रियेनं बनवलेलं महागाचं इंजिन ऑइल, टाकलं म्हणजे आता १०,००० किलोमीटरपर्यंत पाहायचं कामच नाही, असं आजकाल तालुक्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानात सर्रास ऐकायला मिळून राहिलं. गावातले पोट्टे ते खरं धरतात, ऑइलची पातळी मोजायची काडी एकदाही काढून पाहात नाहीत, आणि मग इंजिनचा आवाज बदलला की हजारोंचं काम निघते. म्हणून उत्तर आधी सांगतो, कारणं मागून.

१०० ते १२५ सीसीची गाडी आहे, रोजचं चालणं म्हणजे घर ते वावर, वावर ते घर, मधात पांदण, मुरूम, उडती धूळ, तर फुल सिंथेटिक असलं तरी ४,००० ला काढून टाका. सेमी सिंथेटिक, म्हणजे सिंथेटिक आणि साध्याचं मिश्रण, ३,००० च्या आसपास, साधं मिनरल, म्हणजे कच्च्या तेलातून काढलेलं, २,५०० ला. हीच गाडी जर रोज डांबरी रोडनं तालुक्याला तीस-चाळीस किलोमीटर अप-डाऊन करत असेल तर फुल सिंथेटिक ५,००० ते ६,००० पर्यंत बिनधास्त चालते. आणि किलोमीटर झाले नाही तरी वर्षातून एकदा बदलायचंच, गाडी उभी राहिली तरी. हे आकडे माझे आहेत, आपल्या भागाच्या हिशोबानं थोडे कडक धरलेले. गाडीसोबत आलेल्या पुस्तकात जो आकडा आहे त्याच्या वर कधीच जायचं नाही, आणि वॉरंटी चालू असेल तर सर्व्हिसची तारीख चुकवायची नाही. नव्या गाडीची ५०० ते ७५० किलोमीटरची पहिली सर्व्हिस तर अजिबात पुढं ढकलू नका, कारण नवे पार्ट एकमेकांवर घासून बसताना जो बारीक धातू निघते तो सगळा त्या पहिल्या तेलात असते. सिंथेटिकवर जायचं असेल तर दोन-तीन सर्व्हिस झाल्यावर जा.

आता तो १०,००० चा आकडा कुठून आला ते पाहा. तो पूर्ण खोटा नाही. रॉयल एनफिल्डच्या नव्या ३५० सीसीच्या क्लासिकच्या पुस्तकात १०,००० लिहिलेलं आहे, पण त्या इंजिनात दीड लिटरच्या वर तेल बसते, वरून कागदी ऑइल फिल्टर आहे, आणि मधात पातळी तपासत राहा असंही सोबतच आहे. आपली स्प्लेंडर घ्या. तिच्यात तेल जेमतेम लिटरभर, बदलायचा कागदी ऑइल फिल्टर नाहीच, आत एक जाळी आणि क्लचच्या बाजूच्या कव्हरामागं फिरणारा रोटर, त्यात गाळ जमा होते. म्हणजे तेवढाच कचरा कमी तेलात, आणि गाळून घ्यायची सोय कमी. एकच बाटली दोन गाड्यांत सारखी चालणार नाही ते यामुळं. हिरोच्या १०० सीसीच्या पुस्तकात ६,००० ला बदली आणि मधात ३,००० ला टॉप-अप, म्हणजे कमी झालेलं तेल भरणं, असं आहे, पण लोक ६,००० तेवढं लक्षात ठेवतात आणि टॉप-अपची ओळ विसरतात.

सिंथेटिकचा फायदा आहे, नाही असं नाही. उन्हाळ्यात अकोल्याला, चंद्रपूरला पारा ४५ च्या वर जाते, आपल्या बहुतेक गाड्यांचं इंजिन हवेवर थंड होणारं, त्यात डबलसीट आणि पुढं टाकीवर युरियाचं पोतं घेऊन पहिल्या-दुसऱ्या गेअरवर चाललं की तेल भयंकर तापते. अशा तापात साधं तेल लवकर जळून घट्ट होते, उडून कमी होते, सिंथेटिक जास्त टिकते. बाईकमध्ये दुसरीही गोष्ट आहे, कारमध्ये गेअरबॉक्सचं तेल वेगळं असते, आपल्या गाडीत इंजिन, क्लच, गेअर सगळे एकाच तेलात. गेअरचे दाते तेलाला सतत चिरडतात आणि त्याचा घट्टपणा मोडतो, म्हणून तेल उतरलं की पहिली खूण गेअरवर दिसते, गेअर खटकन पडायला लागते किंवा न्यूट्रल लवकर सापडत नाही. इथंही सिंथेटिक जास्त दम धरते.

पण धूळ, पाणी आणि पेट्रोल, या तिघांपुढं सिंथेटिक आणि मिनरल सारखेच. काळ्या मातीची बारीक धूळ, वणी-घुग्घुस पट्ट्यातली कोळशाची भुकटी, जिनिंगजवळून रोज जात असाल तर रुईचे तंतू, हे सगळं एअर फिल्टरवर येते आणि फिल्टर खराब असला की आत. आत गेलेली धूळ पिस्टनच्या रिंगा घासते आणि तेलात उतरते. तेल कितीही महागाचं असो, त्यातली माती ते पचवू शकत नाही. म्हणून माझं तर स्पष्ट मत आहे की पैसे मोजकेच असतील तर महाग तेलाच्या आधी एअर फिल्टर नवा टाका. जुन्या गाड्यांचा फोमचा फिल्टर धुऊन, सुकवून, तेलाचा हात देऊन परत लावता येते. नव्या गाड्यांत तेलकट कागदाचा फिल्टर येते, त्याले हवा मारून साफ करायचं नाही, तो बदलायचाच, आणि धुळीच्या भागात पुस्तकातल्या आकड्याच्या आधी.

छोट्या फेऱ्यांचं नुकसान लोकांच्या ध्यानातच येत नाही. सकाळी चोक ओढून गाडी सुरू केली, दोन किलोमीटरवर वावरात जाऊन बंद, तासाभरानं परत तेच. इंजिन पूर्ण तापतच नाही, मग आत जमलेला ओलावा आणि रिंगांजवळून खाली उतरलेलं पेट्रोल उडून जात नाही, तेलातच राहते. हिवाळ्यात तर जास्तच. अशी गाडी वर्षभरात ३,००० किलोमीटरच चालते आणि मालक म्हणतो माझी गाडी कमी चालते, तेल नवंच आहे. त्याचं तेल रोज हायवेनं नागपूरला जाणाऱ्यापेक्षा जास्त खराब असते. आठवड्यातून एकदा तरी गाडीला सलग पंधरा-वीस किलोमीटर चालवून आणा, बाजारच्या दिवशी आपोआप होऊनच जाते.

बदलण्यापेक्षा मोठं काम म्हणजे पातळी पाहणं. दर पंधरा दिवसांनी पाहा. सपाट जागेवर डबल स्टँडवर गाडी लावा, साइड स्टँडवर पातळी चुकीची दिसते. तीन-चार मिनिटं चालू ठेवून बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा म्हणजे तेल खाली उतरते, मग काडी काढा, स्वच्छ फडक्यानं पुसा, परत आत टेकवा. हिरो-होंडाच्या गाड्यांत मोजताना काडी फिरवून आवळायची नसते, नुसती टेकवायची. वरच्या आणि खालच्या खुणेच्या मधात पाहिजे. ज्या गाडीला काच दिलेली आहे तिथं गाडी सरळ उभी धरून काचेत पाहा. खालच्या खुणेच्या खाली गेलं की त्याच ग्रेडचं, म्हणजे घट्टपणाच्या त्याच नंबरचं, टाका, वरच्या खुणेच्या वर मात्र जाऊ देऊ नका. अडचणीच्या वेळी सिंथेटिकमध्ये मिनरल टॉप-अप केलं तर काही बिघडत नाही, फक्त मग किलोमीटरचा हिशोब मिनरलचा धरा.

काळं दिसलं म्हणजे खराब, असं नसते. तेलाचं कामच आहे कचरा धरून ठेवणं, चांगलं तेल दोन-चार आठवड्यांत काळं पडते. पण चहासारखं, दुधाळ दिसलं तर पाणी गेलं. पावसाळ्यात नाल्याच्या पुरातून गाडी काढली असेल तर हे होऊ शकते, तेव्हा किलोमीटर पाहायचे नाही, त्याच दिवशी काढायचं. पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी आपोआप वाढलेली दिसत असेल तर कार्बोरेटरच्या गाडीत बहुतेक तो ओव्हरफ्लो होऊन राहिला, आधी तो दुरुस्त करा मग तेल बदला. बोटावर घेतल्यावर चमचम करणारे कण दिसले तर मेकॅनिकला दाखवा.

विकत घेताना बाटलीच्या मागं दोन गोष्टी वाचा. एक ग्रेड, स्प्लेंडर-शाईनसारख्या गाड्यांना १० डब्ल्यू ३०, बऱ्याच पल्सरना २० डब्ल्यू ५०, क्लासिकला १५ डब्ल्यू ५०, आपली कोणती ते पुस्तकात असते. ऊन जास्त म्हणून १० डब्ल्यू ३० च्या गाडीत २० डब्ल्यू ५० टाकून देणारे गॅरेजवाले पुष्कळ आहेत, ऐकू नका, घट्ट तेल थंडीच्या सकाळी वर हेडपर्यंत पोचायला वेळ लावते आणि ॲव्हरेजही पडते. दुसरी गोष्ट जासो (JASO, तेलाचं जपानी मानक) एमए किंवा एमए२ हा शिक्का. आपला क्लच तेलात भिजलेला असते, कारच्या पातळ तेलात किंवा स्कूटरच्या एमबी तेलात जास्त निसरडेपणा असते, त्यानं क्लच घसरते. ट्रॅक्टरचं उरलेलं तेल बाईकमध्ये टाकणं तर आपल्याकडं नेहमीचंच, त्याच्यावर हा शिक्का नसेल तर टाकू नका. बॅरलमधलं सुटं तेल घेऊ नका, सीलबंद बाटली स्वतःसमोर फोडायला लावा. आणि गाडी ८०,००० चाललेली, धूर मारणारी असेल तर सिंथेटिकवर पैसे घालवू नका, योग्य ग्रेडचं मिनरल टाका आणि दर आठवड्याला काडी पाहा.

घरी बदलायचं असेल तर अवघड काही नाही. गाडी पाच मिनिटं चालू ठेवा, तेल कोमट असलं की कचरा सोबत घेऊन निघते. खाली पसरट घमेलं ठेवा, वरची काडी ढिली करा, मग खालचा ड्रेन बोल्ट. पूर्ण गळायला दहा मिनिटं द्या, काही लोक किक मारून उरलेलं काढतात, एक-दोन हलक्या किक चालतात, पण बिनतेलाचं इंजिन सुरू करायचं नाही. डिझेल किंवा घासलेट टाकून आतून धुवायचं नाही, ते आत राहते आणि नवं तेल पातळ करते. बोल्टचा वॉशर नवा लावा. बोल्ट आवळताना ताकद दाखवू नका, खालचं बूड ॲल्युमिनियमचं असते, आटे गेले की मोठा खर्च. कागदी फिल्टर असलेल्या गाडीत फिल्टरही सोबत बदला. मोजून तेल टाका, दोन मिनिटं चालू ठेवा, बंद करून परत पातळी पाहा, बोल्टजवळ गळती पाहा. मीटरचा आकडा आणि तारीख स्टिकरवर लिहून सीटखाली चिकटवा.

निघालेलं जळकं ऑइल. हे मनापासून सांगतो, बैलाच्या गोचिडावर, जखमेवर ते लावू नका. त्यात धातू आणि विषारी द्रव्यं असतात, जनावर चाटते, पोटात जाते. गोचिडासाठी जनावरांच्या डॉक्टरला विचारा. धुऱ्यावर, नाल्यात, विहिरीजवळ ओतू नका. झाकणाच्या कॅनमध्ये साठवा आणि तालुक्याच्या सर्व्हिस सेंटरवर द्या, तिथून ते गोळा करणारे घेऊन जातात. हाताला लागलेलं साबणानं लगेच धुवा. आणि नव्या तेलाची रिकामी बाटली भंगारात देण्याआधी तिला खिळ्यानं दोन भोकं पाडा, लेबल फाडा, नाहीतर त्याच बाटलीत डुप्लिकेट तेल भरून परत आपल्यालाच विकायला येते.