इंटरव्ह्यूत 'डॉक्टर का व्हायचंय' विचारलं तर?

आपल्याकडे एमबीबीएसला नीटचा स्कोअर चालतो, पण यूकेला अप्लाय केलं की इंटरव्ह्यू आलाच, न् तिथे "लोकांची सेवा करायची आहे" एवढंच म्हटलं की संपलं, ते तर सगळेच म्हणतात ना. नागपुरात मेडिकल चौकात राहतो हे पण कारण नाही होत बरं का! स्वतः पाहिलेलं एक सांगा, आजोबांसोबत ओपीडीत बसले असाल तर सिस्टर त्यांना गोळ्या कशा समजावत होत्या तेच. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, तर रक्तपेशी विळ्यासारखी वाकते न् बारीक नसेत अडकते म्हणून दुखतं, हे आजीला कळेल असं बोलून पहा. पाठ केलेलं लगेच कळतं. नाइट ड्युटी, पेशंट दगावणं, यावरही विचार करून ठेवा.