'चौकशी', 'तपास' आणि 'शोध' इंग्रजीत लिहिताना या चुका टाळा

मराठीत 'चौकशी करणे' या एका क्रियापदावर आपण बरीच कामे भागवतो. आजीच्या तब्येतीची चौकशी होते, मुलीसाठी आलेल्या स्थळाची होते, गाडीच्या वेळेची होते आणि लाच घेताना सापडलेल्या अधिकाऱ्याचीही होते. तरी ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही, कारण नेमका अर्थ आधीच्या शब्दाला लागलेल्या प्रत्ययाने किंवा शब्दयोगी अव्ययाने ठरलेला असतो. 'लिपिकाकडे चौकशी केली' म्हणजे त्याला माहिती विचारली, 'लिपिकाबद्दल चौकशी केली' म्हणजे त्याच्याविषयी इतरांना विचारले आणि 'कार्यालयाने लिपिकाची चौकशी केली' म्हणजे त्याच्यावर काहीतरी ठपका होता. इंग्रजीत हाच फरक क्रियापदाच्या निवडीने आणि त्याच्यामागून येणाऱ्या छोट्या शब्दाने दाखवला जातो. मराठीभाषक मंडळी इंग्रजीत तक्रारी, कार्यालयीन पत्रे आणि अहवाल लिहितात तेव्हा होणाऱ्या बहुतेक चुका येथूनच निघतात.

'बद्दल' म्हणजे प्रत्येक वेळी 'अबाउट' नव्हे

'वी आर इन्व्हेस्टिगेटिंग अबाउट द कम्प्लेंट' हे वाक्य अनेक कार्यालयांच्या पत्रांत दिसते. 'तक्रारीबद्दल' यातला 'बद्दल' तसाच उचलून 'अबाउट' केल्यामुळे ते तयार होते. 'इन्व्हेस्टिगेट' हे क्रियापद कर्म थेट घेते, म्हणून 'वी आर इन्व्हेस्टिगेटिंग द कम्प्लेंट' एवढेच लिहावे. मात्र क्रियापदाऐवजी 'इन्व्हेस्टिगेशन' हे नाम वापरले, तर मध्ये 'इंटू' येते: 'ॲन इन्व्हेस्टिगेशन इंटू द कम्प्लेंट'. गुन्ह्याच्या संदर्भात 'ऑफ'ही चालते, पण 'अबाउट' दोन्हीकडे खटकते. 'डिस्कस अबाउट' ही याच जातीची चूक आहे आणि ती तर सवयीने इतकी मुरली आहे की शिक्षकांच्या तोंडीही ऐकू येते.

'इन्क्वायर'चे वागणे याच्या उलट आहे. 'काइंडली इन्क्वायर द मॅटर' असे लिहिता येत नाही, कारण 'प्रकरण' हे या क्रियापदाचे थेट कर्म होऊ शकत नाही. त्याच्यामागे कोणता शब्द येतो यावर सारा अर्थ बदलतो, म्हणून येथे थोडे थांबून पाहणे योग्य ठरेल. 'इन्क्वायर अबाउट' म्हणजे माहिती विचारणे. खोली भाड्याने मिळेल का, प्रवेश अर्जाची शेवटची तारीख कोणती, यासाठी हेच वापरावे. 'इन्क्वायर इंटू' म्हणजे एखाद्या प्रकरणाची रीतसर चौकशी करणे. 'इन्क्वायर आफ्टर' म्हणजे एखाद्याच्या खुशालीची विचारपूस करणे. आता समजा, आजारी सहकाऱ्याविषयी आस्था दाखवण्यासाठी कोणी 'आय इन्क्वायर्ड इंटू हिज हेल्थ' असे लिहिले, तर वाचणाऱ्याला त्या आजारपणाच्या रजेवरच संशय घेतला जातो आहे असे वाटू शकते. प्रेमाने केलेली विचारपूस एका शब्दामुळे उलटतपासणीसारखी वाटावी, हे त्या सहकाऱ्यावर अन्याय करणारे आहे.

पहिले अक्षर ई असावे की आय, हाही प्रश्न वारंवार विचारला जातो. ब्रिटिश वळणात साध्या विचारणेसाठी 'ई'ने आणि औपचारिक चौकशीसाठी 'आय'ने सुरू होणारे लेखन पसंत करतात, तर अमेरिकेत दोन्हींसाठी 'आय' वापरतात. भारतात विभागीय चौकशीसाठी दोन्ही लेखने आढळतात. एका पत्रात एकच लेखन ठेवले म्हणजे पुरे.

माणूस कर्म झाला की जबाबदारी वाढते

रात्री फाटक उघडे होते का, एवढेच सोसायटीच्या सचिवांनी पहारेकऱ्याला विचारले आणि इतिवृत्तात नोंद झाली 'वी इन्व्हेस्टिगेटेड द वॉचमन', तर इंग्रजी वाचणाऱ्याच्या नजरेत तो पहारेकरी संशयित ठरतो. 'इन्व्हेस्टिगेट'चे कर्म घटना असेल तर घटनेचा तपास होतो. कर्म व्यक्ती असेल तर त्या व्यक्तीच्या वर्तनाचा तपास होतो. साक्ष देणाऱ्या किंवा माहिती पुरवणाऱ्या माणसासाठी 'वी आस्क्ड' किंवा 'वी स्पोक टू' पुरेसे आहे. अधिकाराने प्रश्न विचारले असतील तर 'क्वेश्चन्ड' लिहावे. 'इंटरॉगेट' हा शब्द मुख्यतः पोलीस आणि लष्करी कोठडीतल्या कठोर विचारणेसाठी राखून ठेवावा. नोकरीच्या मुलाखतीसाठी किंवा बँकेतल्या विचारणेसाठी तो कधीही वापरू नये. ब्रिटनमध्ये पोलीस साक्षीदारांना आणि संशयितांनाही प्रश्न विचारतात त्याला 'इंटरव्ह्यू' म्हणतात, तेव्हा तिकडच्या बातमीचे भाषांतर करताना 'पोलिसांनी मुलाखत घेतली' असे लिहिणे चुकीचे आहे. तेथे 'जबाब घेतला' किंवा 'चौकशी केली' असेच हवे.

कायद्यात 'इन्क्वायरी' आणि 'इन्व्हेस्टिगेशन' हे पर्यायी शब्द नाहीत

रोजच्या बोलण्यात हे दोन शब्द एकमेकांच्या जागी चालून जातात, परंतु भारतीय फौजदारी कायद्यात त्यांच्या व्याख्या वेगळ्या आहेत. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार पोलीस अधिकाऱ्याने, किंवा दंडाधिकाऱ्याने अधिकार दिलेल्या, स्वतः दंडाधिकारी नसलेल्या व्यक्तीने पुरावा गोळा करण्यासाठी केलेली कार्यवाही म्हणजे 'इन्व्हेस्टिगेशन', म्हणजेच आपला 'तपास'. आणि दंडाधिकाऱ्याने किंवा न्यायालयाने खटल्याव्यतिरिक्त केलेली कार्यवाही म्हणजे 'इन्क्वायरी', म्हणजेच 'चौकशी'. तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेही हा भेद कायम ठेवला आहे. त्यामुळे तक्रारअर्जात 'पोलिसांनी तपास करावा' असे म्हणायचे असेल तर 'इन्व्हेस्टिगेशन'च लिहावे.

याला जोडून 'प्रिलिमिनरी इन्क्वायरी' हा शब्दप्रयोग येतो. ललिता कुमारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर प्रथम माहिती अहवाल नोंदवणे बंधनकारक ठरवले आणि काही प्रकारच्या प्रकरणांतच त्याआधी प्राथमिक चौकशीला मुभा दिली. म्हणजे 'प्रिलिमिनरी इन्क्वायरी चालू आहे' असे उत्तर मिळाले, तर गुन्हा अद्याप नोंदला गेलेला नाही असा त्याचा सामान्यतः अर्थ होतो. तक्रारदाराने ते 'तपास सुरू झाला' असे समजून स्वस्थ बसणे हानिकारक ठरू शकते, आणि म्हणूनच हा फरक केवळ भाषेच्या शुद्धतेचा नाही असे मला ठामपणे वाटते.

सरकार १९५२च्या चौकशी आयोग कायद्याखाली नेमते तो आयोग मात्र 'कमिशन ऑफ इन्क्वायरी' असतो. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधील मुंबईच्या दंगलींसाठी नेमलेला न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोग हे त्याचे आपल्या परिचयाचे उदाहरण आहे. असा आयोग सत्य शोधून शिफारशी करतो, शिक्षा देत नाही. शासकीय कर्मचाऱ्यांची विभागीय चौकशी हीसुद्धा 'डिपार्टमेंटल इन्क्वायरी'च असते, 'इन्व्हेस्टिगेशन' नव्हे.

'सर्च' आणि 'फाइंड'

'द पोलिस सर्च्ड हिम' म्हणजे पोलिसांनी त्याची झडती घेतली. 'द पोलिस सर्च्ड फॉर हिम' म्हणजे पोलिसांनी त्याचा शोध घेतला. घरातली वृद्ध व्यक्ती बेपत्ता झाल्याची तक्रार इंग्रजीत लिहिताना 'फॉर' गळून पडला, तर वाक्याचा अर्थ पार बदलतो. सर्च वॉरंटमधला 'सर्च' झडतीचा आहे, हे लक्षात ठेवल्यास ही चूक होणार नाही.

मराठीतले 'शोधणे' हे धडपडीलाही चालते आणि यशालाही: 'मी किल्ली शोधतो आहे' आणि 'वास्को द गामाने भारताचा समुद्रमार्ग शोधला'. इंग्रजीत धडपडीसाठी 'लुक फॉर' आणि हाती लागण्यासाठी 'फाइंड' अशी वाटणी आहे, म्हणून 'आय ॲम फाइंडिंग माय की' हे चूक आहे. 'फाइंड आउट' तर वस्तूला लागतच नाही. ते माहितीसाठी आहे. फाइल सापडली तर 'वी फाउंड द फाइल', आणि ती कोणी हलवली हे कळले तर 'वी फाउंड आउट हू मूव्हड इट'.

'लुक इंटू' हे आश्वासन किती मोठे?

'कृपया या प्रकरणात लक्ष घालावे' याला 'प्लीज लुक इंटू द मॅटर' हा नेमका प्रतिशब्द आहे. 'लुक द मॅटर' व्याकरणात बसत नाही आणि 'लुक आफ्टर द मॅटर' म्हणजे ते प्रकरण सांभाळा, त्याचा कारभार पाहा, असे होते. पण खरी गफलत लिहिण्यापेक्षा वाचण्यात होते. ग्राहक सेवेकडून 'वी आर लुकिंग इंटू इट' असे उत्तर आले की आपण ते 'छडा लावतो आहोत' असे वाचतो. वास्तविक त्यात निष्कर्षाचे किंवा मुदतीचे कोणतेही वचन नसते. छडा लावण्यासाठी इंग्रजीत 'गेट टू द बॉटम ऑफ' आहे, आणि तो ज्याला मुळापर्यंत जाण्याची खात्री आहे त्यानेच वापरावा. असे मोघम उत्तर आल्यास चौकशी कोण करत आहे आणि उत्तर कोणत्या तारखेपर्यंत मिळेल, हे लगेच लेखी विचारावे.

'प्रोब' हा शब्द वर्तमानपत्रांनी मथळ्यात जागा वाचावी म्हणून लोकप्रिय केला आहे. वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रात 'प्लीज प्रोब द मॅटर' कर्कश वाटते. 'एव्हिडन्स' आणि 'रिसर्च' यांचे साधारणपणे अनेकवचन करत नाहीत, तसेच 'मेक अ रिसर्च' नव्हे, 'डू रिसर्च' लिहावे. 'इन्व्हेस्टिगेशन' मात्र एक किंवा अनेक असू शकतात आणि ते 'कंडक्ट' किंवा 'कॅरी आउट' केले जाते.

निलंबनाच्या आदेशातला 'सस्पेंडेड पेंडिंग इन्क्वायरी' हा शब्दप्रयोगही नीट वाचायला हवा. 'पेंडिंग' म्हणजे रखडलेली असे समजून अनेक कर्मचारी 'माझी चौकशी रखडल्यामुळे मला निलंबित केले' असे उत्तर देतात आणि त्यांचे म्हणणे पहिल्याच ओळीत लंगडे पडते. येथे 'पेंडिंग'चा अर्थ 'पूर्ण होईपर्यंत' असा आहे: चौकशी पूर्ण होईपर्यंत निलंबन. चौकशी खरोखरच लांबली असेल, तर उत्तरात ती वेगळी तक्रार म्हणून, निलंबनाची तारीख आणि दोषारोपपत्र मिळाल्याची किंवा न मिळाल्याची नोंद देऊन, 'द इन्क्वायरी हॅज बीन डिलेड' अशा स्पष्ट शब्दांत मांडावी.